एकहाती टिटवी

टिटवीच्या स्टिअरिंगला पप्पांशिवाय कुणाचा हात लागता कामा नये, हा नियम मगदूमांच्या घरात देवघराच्या नियमांपेक्षा कडक होता. देव्हाऱ्यातला गणपती ओजस्वीनं अंघोळ न करता उचललेला मम्मीनं एकदा पाहिला, तेव्हा नुसते डोळे वटारून सोडून दिलं. टिटवीच्या स्टिअरिंगच्या चाकावर मात्र ती चौथीत असताना जरा टेकली, तर पप्पांनी तिला काखेत धरून अशी बाहेर काढली, जणू चाकात कुणी करंटच सोडलाय!

टिटवी म्हणजे त्यांची गाडी. ओजस्वीपेक्षा वयानं मोठी, लालभडक, बुटकी आणि भयंकर नखरेल. पप्पांनी घेतली तेव्हा ती पांढरी, चार दारांची, अगदी गरीब स्वभावाची गाडी होती म्हणे. बायकोपोरांना घेऊन रविवारी ज्योतिबाला जायला असते तसली. पप्पांनी आधी तिला रुंद टायर घातले. मग सायलेन्सर बदलला, तोही स्वतःच्या लग्नाच्या आठवड्यात. मम्मी ते अजून ऐकवते. मग टर्बो बसवला. तो दाब सोडताना टिव्-टिव् टिव्-टिव् ओरडायचा, म्हणून हिचं नाव पडलं टिटवी. आजीनं कपाळाला हात लावला होता. "अरे रणधीर, अपशकुनी पाखराचं नाव का ठेवतोस गाडीला?" त्यावर पप्पा म्हणाले होते, "अपशकुन मागं पडणाऱ्यांना, आई. आपल्याला काय त्याचं!"

ओजस्वी रांगायला लागली त्या वर्षी, गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून, टिटवीच्या पोटात लोखंडी पिंजरा बसला. ती बालवाडीत गेली तेव्हा मागची दोन दारं गेली. पेट्रोलचे दिवस सरले तसं इंजिन निघालं आणि मोटर आली. टर्बोबरोबर तो आवाजही गेला, तर पप्पांनी बॉनेटच्या फटीत पत्र्याची शिट्टी बसवली. वारा भरला की पुन्हा टिव्-टिव्! घरातलं कुठलंही वर्ष आठवायचं झालं, तर आधी त्या वर्षी टिटवी कशी दिसत होती ते आठवायचं. अल्बमबिल्बमची गरजच नव्हती.

आणि ओजस्वी पाचवीत असताना टिटवीला स्नायू आले.

इथं थोडं विज्ञान सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला पीळ देत राहिलं, की एका क्षणी त्याची आपोआप वेटोळी होतात. ही वेटोळी तापली की आखडतात आणि निवली की सैल पडतात. म्हणजे झाला की साधासा स्नायू! शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं डोकं चालवून असा धागा काढला, जो विजेच्या इशाऱ्यावर क्षणात आखडतो आणि क्षणात सुटतो. स्प्रिंगा गेल्या, शॉक-अॅब्सॉर्बर गेले, स्टिअरिंगच्या दांड्याला आणि चाकांना हे स्नायूधागे जोडले गेले. रस्त्यावरचा खड्डा गाडी आता पायानं चुकवावा तसा चुकवायला लागली.

खरी कमाल पुढेच होती. या धाग्याला सवय लागायची! रोज एकाच माणसानं एकाच ढंगानं गाडी वळवली, की धाग्यातल्या रेणूंच्या साखळ्या त्या ओढीला सरकून बसायच्या. माळावरनं माणसं जात राहिली की पायवाट पडते ना, तसंच. त्यात संगणक नाही, चिप नाही, बाहेर काढून वाचता येईल अशी नोंद नाही. सवय होती ती धाग्याच्या अंगात. गाडी वापरायची थांबली, तर नव्या सवयी आधी विरायच्या आणि जुन्या सगळ्यात शेवटी. दुसऱ्या कुणी चालवली, तर सवयींची सरमिसळ. म्हणून तर गाडीवेड्यांत 'एकहाती' गाडीला मान आला. जिला जन्मभर एकाच माणसाचा हात लागलाय ती गाडी एकहाती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथं पप्पांचं गॅरेज होतं, तिथं तर लोक एकहाती गाडीकडं तालमीतल्या पैलवानाकडं बघावं तसं बघायचे.

*

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मेरी वेदर मैदानावर गाड्यांचा शो भरला होता. 'एकहाती' गटाची परीक्षा मोठी झकास असायची. परीक्षक शेजारच्या सीटवर डोळ्यांना पट्टी बांधून बसायचे आणि त्यांच्या मांडीवर काठोकाठ भरलेली दुधाची वाटी ठेवायची. मग गाडी खाचखळग्यांच्या वाटेवरून दामटायची. दूध सांडलं की बाद.

टिटवी थांबली तेव्हा परीक्षकबाईंनी पट्टी सोडली, वाटी वर धरली आणि गर्दीला दाखवली. एक थेंब नाही!

"मगदूम, दहा वर्षं मी हे काम करतेय," त्या माइकवर म्हणाल्या, "इतका शांत हात मी पाहिलेला नाही."

"नाद खुळा!" इरफानकाका ओरडले. इरफान मुल्लाणी म्हणजे पप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. टिटवीचा रंग त्यांचा, बाकी सगळं पप्पांचं. ओजस्वीनं तर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की पुढच्या आज्जी दचकल्या.

पप्पांनी ढाल घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरली. फोटोवाला म्हणाला, "दादा, एक हात वर करा की!" पप्पांनी नुसतीच मान हलवली आणि हसले.

ओजस्वीनं माइक हिसकावला. "पुढच्या वर्षी या गाडीत मी असणार! लिहून घ्या!"

कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, तशीच ती पप्पांकडं वळून म्हणाली, "जानेवारीत सोळाचा होतो मी. बंद ट्रॅकवर चालतंय. हात देणार ना मला?"

"दहावी आहे तुझी," मागून मम्मी म्हणाली.

"दहावी काय, दरवर्षी येते!"

लोक हसले. पप्पाही हसले. ढाल मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

*

पप्पा हल्ली अर्धाच कप चहा प्यायचे. बटणांचे शर्ट त्यांनी सोडले होते. गोल गळ्याचे टी-शर्ट, बारा महिने. टिटवीच्या दारावरचं पाखरू दर शोच्या आधी ते स्वतः ब्रशनं रंगवायचे, या वर्षी ते इरफानकाकांकडून करून घेतलं. घरात कमी आणि गाडीत जास्त असायचे. जेवून उठले की गाडीत. पेपर गाडीत. कधी कधी तर अंगणात नुसते चाकावर हात ठेवून बसायचे, डोळे मिटून.

"सवत बरी," मम्मी म्हणायची, "निदान ती घरात तरी येईल."

एका सकाळी पप्पांचा कप बशीवर कडकड वाजला आणि चहा ओट्यावर सांडला. मम्मीनं फडकं घेतलं, पण पुसलं नाही.

"अहो, दाखवा तो हात कुणाला तरी."

"अगं, ग्राइंडरचा हात आहे हा. वीस वर्षं मशीन धरलंय. उद्यमनगरात फिरून ये एकदा, दहातल्या सहा जणांचा हात असाच."

हे खरंच होतं. ग्राइंडरवर काम करणाऱ्यांचे हात संध्याकाळी थरथरतात, आणि ती थरथर तिथं मिरवायची गोष्ट होती. काम केल्याची खूण! एकमेकांना चहा देताना थट्टा चालायची, "धर की नीट, ग्राइंडरवाल्या!"

"त्यांचा सकाळी हलतो का?" मम्मीनं विचारलं.

पप्पा चिडले. "शैला, मला काही झालं असतं, तर गाडीत नसतं दिसलं? दुधाचा थेंब सांडला नाही परवा. हजार लोकांनी बघितलं. चाकावर हात ठेवला की दगडासारखा असतो माझा हात. आता बोल!"

बोलली ती ओजस्वी. "मम्मी, तू ना उगंच काहीतरी काढत असतेस. पप्पांसारखा हात महाराष्ट्रात नाही कुणाचा. त्या बाईच म्हणाल्या."

पप्पांनी तिच्याकडं इतक्या आनंदानं पाहिलं, की तिला वाटलं आपण एखादी मॅचच जिंकून दिली त्यांना.

*

जानेवारीतला तो रविवार! गोकुळ शिरगावच्या पलीकडं माळावर बंद ट्रॅक होता. ओजस्वीनं लाल जॅकेट घातलं होतं, हेल्मेटवर स्वतःच्या हातानं टिटवी काढली होती आणि सकाळपासून बडबड थांबवली नव्हती. कार्टिंगमध्ये तिनं पोरांना दोन वर्षं धूळ चारली होती. मे महिन्यात याच ट्रॅकवर उन्हाळी शर्यत होती, आणि टिटवी घेऊन ती त्यात उतरणार, हे तिनं वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींना सांगून ठेवलं होतं.

गाडीवेड्यांत हात द्यायची एक रीत असते. मम्मीनं चाकाला हळदकुंकू लावलं, इरफानकाकांनी नारळ फोडला. पप्पांनी चाकावर आपला हात ठेवला, त्यावर ओजस्वीचा घेतला आणि मग खालून आपला हात अलगद काढून घेतला. इतकंच. टिटवी आता दोघांची.

"जाऊ का?"

"जा की. मी आहे बाजूला."

शिट्टी वाजायला लागली, टिव्-टिव्. ओजस्वीला ओरडावंसं वाटलं. केवढी वर्षं वाट बघितली होती तिनं! पहिला सरळ पट्टा संपत आला आणि चाक तिच्या हातात थरथरलं.

"सैल सोड हात," पप्पा म्हणाले. "मान आवळल्यासारखं काय धरलीस?"

"सैलच आहे."

"घाबरलीस होय गं?"

"मी? मी घाबरतो व्हय!"

पण चाक थरथरतच होतं. डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं, बारीक आणि एका तालात. वळणावर तिला रेषा धरता येईना. तिनं गाडी कडेला घेतली. गाल तापले होते. कुंपणापलीकडून मम्मी डबा उंच धरून हात हलवत होती. तिला वाटलं, पोरगी मुद्दाम थांबली जेवायला.

"टायर बघतो," म्हणत पप्पा उतरले. इरफानकाका धावत आले. चारही चाकं पाहिली, दांडा पाहिला, धाग्यांच्या गाठी पाहिल्या. सगळं जिथल्या तिथं. पप्पा स्वतः बसले आणि एक फेरी मारून आले. लोण्यासारखी गेली टिटवी.

"काय झालंय हिला? उत्तम आहे की."

ओजस्वी बसली. चाक थरथरलं.

पप्पा बसले. शांत.

"रणदा, मी बघू?" इरफानकाका म्हणाले. पप्पांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पप्पांना शेजारी बसवून काका गाडी घेऊन शंभरेक पावलं गेले असतील, तिथूनच परत आले, आणि तापलेल्या तव्यावरनं उचलावेत तसे त्यांनी चाकावरचे हात उचलले.

"टायरचं न्हाई हे," ते म्हणाले. ते पप्पांच्या गुडघ्याकडं बघत होते.

ओजस्वीनं तिकडं पाहिलं. पप्पा शेजारच्या सीटवर बसले होते, उजवा हात गुडघ्यावर होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, एखादी गोळी वळत असल्यासारखं, आणि हात त्या तालावर हलत होता. हा हात तिनं रोज पाहिला होता. ग्राइंडरचा हात.

स्नायूधाग्यांबद्दल तिनं शाळेत प्रकल्प केला होता, पहिला नंबर आला होता. तिला कळायला लागलं, आणि कळू नये असं तिला फार वाटलं. बाहेरचा गोंगाट मारणारे हेडफोन असतात. ते गोंगाटाच्या बरोब्बर उलटी लाट सोडतात आणि कानाला शांतता ऐकू येते. धागा तेच करत होता. पप्पांचा हात उजवीकडं गेला की तो डावीकडं ओढत होता. पण थरथर आल्यावर ओढून काय उपयोग? तोवर ती निघून गेलेली असते. म्हणून धागा आधीच ओढायला शिकला होता. ती येणारच हे धरून.

आणि ओजस्वीच्या हातात ती आली नाही. मग चाक एकटंच थरथरलं.

इरफानकाका उतरले तशी ती त्यांच्या जागी बसली. गाडी चालू केली, डावा हात पप्पांच्या हातावर ठेवला आणि उजवा चाकावर. चाक डावीकडं, हात उजवीकडं. चाक उजवीकडं, हात डावीकडं. ताल एकच.

"पप्पा."

"धाग्याला काहीतरी झालंय," पप्पा म्हणाले. "बदलू."

"पप्पा, धागा चांगला आहे."

पप्पा समोर बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी नव्हतोच चालवत. ती सांभाळून घेत होती मला."

कुंपणापाशी मम्मीनं डबा खाली ठेवला. एवढ्या लांबून तिला काय दिसलं कोण जाणे. पण ती चपला हातात घेऊन ट्रॅकवरून पळत यायला लागली.

*

डॉक्टर म्हणाले, कंपवात. मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून मरत जातात. पूर्वी त्याला काही इलाज नव्हता, आता इंजेक्शन निघालं होतं. रोग जिथं असेल तिथंच ते थांबवायचं. पण त्यासाठी निम्म्याहून जास्त पेशी जिवंत असाव्या लागायच्या.

"हात हलतोय हे कधीपासून आहे?"

पप्पांनी मम्मीकडं पाहिलं. मम्मी म्हणाली, "ही सातवीत होती."

"आठवीच्या वर्षात जरी आला असता..." डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं आणि चष्मा पुसत बसले. ओजस्वीला वाटलं, माणसानं एवढा वेळ चष्मा पुसू नये.

आठवीच्या वर्षी टिटवीनं पहिल्यांदा दुधाची परीक्षा जिंकली होती. ओजस्वी बेंचवर उभी राहून वर्गाला सांगत होती, माझ्या पप्पांसारखा हात कुणाचा नाही.

घरी येताना रिक्षात 'मी सांगत होते' असं मम्मी एकदा तरी म्हणेल, अशी ओजस्वी वाट बघत होती. तेवढंच भांडता आलं असतं. मम्मी काही म्हणालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून पप्पांना चहा नळी लावलेल्या झाकणाच्या पेल्यातून यायला लागला.

बातमी गाडीवेड्यांत पसरली. सांगलीत, इचलकरंजीत, पुण्यात लोकांनी आपापल्या एकहाती गाड्या बायकोला, भावाला, पोरांना चालवायला दिल्या. कुणाची गाडी थरथरली. कुणाची एका अंगाला ओढली गेली, तर मालकाचा एक डोळा जात आलेला निघाला. काहींनी मात्र गाड्यांना कुलपं घातली. त्यांना कळून घ्यायचंच नव्हतं. शोमधला 'एकहाती' गट बंद झाला. ओजस्वीला अनोळखी लोकांचे फोन यायचे. "तुमच्यामुळं वेळेत कळलं बघा आमच्या भाऊंचं. इंजेक्शन लागू पडलं. फार उपकार झाले, बाळा."

ती "हो काकू, बरं झालं" म्हणायची, फोन ठेवायची आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची.

पप्पांनी टिटवी चालवायची सोडली. रस्त्यावर तर त्यांना मनाईच होती, पण ते अंगणातसुद्धा चाकावर बसेनात. गाडीवर मेणकापड आलं. दहावीचे पेपर झाले. कसे झाले ते ओजस्वीला आठवत नाही. एप्रिलमध्ये एका दुपारी पप्पांनी आपणहून मेणकापड काढलं. आता चालताना त्यांचा पाय ओढत होता. आत बसले, गाडी चालू केली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले, पूर्वीसारखे डोळे मिटून.

चाक त्यांच्या हातांसकट खडखडायला लागलं.

ते तसेच धरून राहिले. जरा वेळानं शांत होईल, आपल्याला ओळखेल, असं त्यांना वाटत असावं. झालं भलतंच. महिनोन्महिने बंद राहिलेल्या धाग्यातल्या नव्या सवयी विरून गेल्या होत्या, फक्त जुनी बारीक थरथर उरली होती. इकडं पप्पांच्या हाताचा कंप पार पुढं गेला होता. दोघांचे ताल एकमेकांत बसेनात. एक पुसायला जाई, तर दुसरा वाढे.

पप्पांनी हात काढले. "हिनं पण सोडलं," ते म्हणाले. ओजस्वी पायरीवर बसली होती. ती उठली आणि अंगणात पडलेलं मेणकापड गोळा करायला लागली.

*

"कोरी करायची तिला," मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पप्पांनी जाहीर केलं. स्नायूधागे भट्टीसारखे तापवले, की साखळ्या सुटतात आणि लागलेली सगळी सवय पुसली जाते. मग जो पहिला बसेल, त्याच्यापासून नवी सुरुवात. "शर्यतीत नाव घातलंयस ना? मग?"

"मला नाही जायचं शर्यतीला."

"का?"

"ती तुमची आहे. पाच वर्षं आहात तुम्ही तिच्यात. ते तापवून टाकायचं? मी नाही करणार, पप्पा."

"माझं काय आहे गं तिच्यात?" पप्पांचा आवाज आता बारीक झाला होता, पण चिडले तसा धारदार झाला. "वळणं होती, ती सगळी या थरथरीखाली गेली. कुणीही बसलं की त्याच्या हाताला माझा आजार लागतोय. मला माझा आजार मागं ठेवायचा नाही, ओजू. गाडी ठेवायची आहे."

ती आत जाऊन मम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मम्मी केसांतून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "कर ते म्हणतात तसं. एवढंच मागतायत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी इरफानकाका तापवायची जाकिटं घेऊन आले. बॉनेट उघडून त्यांनी दांड्याभोवतीच्या धाग्यांवर ती गुंडाळली, चाकांजवळच्या धाग्यांवर गुंडाळली. पप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. मम्मी त्यांच्या मागं उभी होती.

"काका, थांबा. मी आत बसतो," ओजस्वी म्हणाली.

"चाक न्हाई तापायचं, बस. पण कशाला?"

ती आत बसली, गाडी चालू केली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले.

थरथर होती, पण जानेवारीतली नव्हे. तेव्हाची जोरकस होती, मुठी आवळाव्या लागत होत्या. ही अगदी हलकी होती. मुठीत धरलेल्या पाखराचं काळीज लागावं तेवढीच. जुन्या सवयी सगळ्यात शेवटी जातात, हे तिनंच प्रकल्पात लिहिलं होतं. ही पहिली थरथर होती. सातवीतली, आठवीतली. भरलेला कप पिणारे, शर्टाची बटणं लावणारे, दारावर पाखरू रंगवणारे पप्पा. अजून वेळ असलेले. आत्ता, याच क्षणी दवाखान्यात नेलं असतं, तर तिथंच थांबले असते असे पप्पा तिच्या तळहाताखाली होते.

"ओजू, दाबू का?" इरफानकाकांनी विचारलं.

काचेतून पप्पा तिच्याकडंच बघत होते. त्यांचा चेहरा हल्ली फारसा हलायचा नाही. त्यांनी मान खाली केली आणि वर केली.

"दाबा."

काही आवाज झाला नाही. बॉनेटमधून गरम प्लास्टिकचा वास यायला लागला. चाक थरथरत राहिलं, थरथरत राहिलं. मग एखादा ठोका चुकला. मग दोन ठोक्यांत अंतर पडायला लागलं. ओजस्वीनं हात आणखी दाबून धरले, पुढं झुकली, कपाळ चाकाला लावलं. एक आला. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक आला, अगदी पुसट. त्यानंतर ती वाट बघत राहिली.

"थांबली का गं?" बाहेरून पप्पांनी विचारलं.

"थांबली."

पप्पा मम्मीच्या आधारानं उठले. पाय ओढत गाडीपर्यंत आले, खिडकीतून वाकले. "बघू," म्हणाले आणि त्यांनी उजवा हात आत घालून चाकावर ठेवला.

कोरं चाक हललं. पप्पांचा हात जसा हलत होता तसंच हललं. विरोध नाही, सांभाळून घेणं नाही. नवं पोर मोठ्या माणसाचं बोलणं ऐकून तसंच्या तसं म्हणून दाखवतं, तसं.

पप्पांनी झटकन हात काढून घेतला.

"नको, नको. शिकंल ती." आणि मग, चौथीतल्या ओजस्वीला काखेत धरून बाहेर काढताना होता त्याच आवाजात: "दुसरा हात लावू द्यायचा नाही कुणाचा. माझा पण नाही."

त्यांनी हात पँटच्या खिशात घातला आणि ताठ उभं राहायचा प्रयत्न केला. ओजस्वीनं चाक धरलं. ते मुकाट होतं, कुणालाच ओळखत नव्हतं. तिनं समोर फाटकाकडं बघायचं ठरवलं होतं, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसत होतं.

खिसा हलत राहिला.